मोबाईल : जपणूक आणि जपून वापर

नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. त्या छापखान्याभोवती पहारा असतो आणि छापलेल्या कागदाचा काटेकोर हिशेब ठेवला जातो. त्याच शहरात गंगापूर रोडने अशोक स्तंभापासून गंगापूर गावाकडे निघाले, तर नोटा मात्र हाताहातांत फार थोड्या दिसतात. भाजीच्या गाडीवर, चहाच्या टपरीवर, रसवंतीवर क्यूआर कोडचा पुठ्ठा टांगलेला असतो. गिऱ्हाईक मोबाईल समोर धरते, दुकानात ‘पैसे मिळाले’ असा आवाज होतो आणि व्यवहार संपतो. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयवर ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यात १,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये हा आकडा २,००० कोटींवर गेला.

म्हणजे तिजोरी आता खिशात आली आहे. तिच्याभोवतीचा पहारा मात्र आपल्यालाच द्यायचा आहे. तो किती ढिला आहे, हे सरकारने लोकसभेत दिलेल्या आकड्यांवरून कळते. सायबर फसवणुकीत २०२३ मध्ये देशातल्या लोकांचे सुमारे ७,४६५ कोटी रुपये गेले. २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट.

मोबाईलच्या सुरक्षिततेविषयी सूचनांची कमतरता नाही. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर त्या येतात, आणि त्यातल्या निम्म्या एकमेकींच्या विरोधी असतात. म्हणून या लेखात सूचनांच्या आधी कारणे मांडायची आहेत. मोबाईल ही एकाच कवचात बसवलेली निदान तीन साधने आहेत : ऊर्जा साठवणारी बॅटरी, आपली ओळख पटवणारे सिमकार्ड आणि पैशांची किल्ली. तिघांचे स्वभाव वेगळे, म्हणून त्यांची जपणूकही वेगळी.

बॅटरी : खिशातले रसायन

सप्टेंबर २०२३ मध्ये नाशिकच्या सिडको भागात, उत्तमनगरमध्ये, चार्जिंगला लावलेल्या मोबाईलचा स्फोट होऊन तिघे जखमी झाल्याच्या आणि आजूबाजूच्या काचा फुटल्याच्या बातम्या आल्या होत्या. मोबाईलजवळ सुगंधी फवाऱ्याची बाटली असावी, असेही त्या बातम्यांत म्हटले होते. एवढ्याशा बॅटरीने काचा कशा फुटतील, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. त्याचे उत्तर साध्या गणितात आहे.

आजच्या साधारण मोबाईलची बॅटरी ५,००० मिलीअँपिअर-तासांची असते आणि तिचा दाब सुमारे ३.८५ व्होल्ट असतो. दोन्हींचा गुणाकार केला की सुमारे १९ वॉट-तास ऊर्जा होते. एवढ्या ऊर्जेत साधारण २०० मिलीलीटर पाणी, म्हणजे मोठा कपभर चहाचे पाणी, उकळी येईपर्यंत तापू शकते. ही ऊर्जा दिवसभर हळूहळू खर्च होते तोवर काही त्रास नाही. तीच काही सेकंदांत बाहेर पडली, तर आग लागते. आणि शेजारी दाबाखाली भरलेल्या ज्वालाग्राही वायूचा डबा असेल, तर त्या आगीचे काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली सोनी कंपनीने, १९९१ साली. या शोधाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तिच्या आत दोन ध्रुवांमध्ये प्लॅस्टिकचा एक अतिशय पातळ पडदा असतो आणि त्यातून लिथियमचे आयन ये-जा करतात. भोवती जो द्राव असतो तो पेट घेणारा असतो. मोबाईल आपटला, बॅटरी दबली, पडदा फाटला किंवा उष्णतेने वितळला, की दोन्ही ध्रुव एकमेकांना भिडतात. त्यातून उष्णता निर्माण होते, उष्णतेने आतल्या क्रिया वाढतात, त्यातून आणखी उष्णता. हे चक्र एकदा सुरू झाले की बाहेरून थांबवणे कठीण. २०१६ मध्ये सॅमसंगला गॅलॅक्सी नोट ७ हे मोबाईल जगभरातून परत बोलवावे लागले. पहिल्याच फेरीत २५ लाखांच्या आसपास. कारण बॅटरीच्या रचनेतले आणि जोडणीतले बारीकसे दोष. एवढ्या मोठ्या कंपनीच्या बाबतीत हे होऊ शकते, तर रस्त्याकडेच्या स्वस्त बॅटरीचा भरवसा कोणी द्यावा?

आता नियम आपोआप सुचतात. मोबाईल उशीखाली किंवा गादीवर ठेवून चार्ज करू नये, कारण कापूस उष्णता अडवून धरतो. जाड कव्हर घातलेला मोबाईल तापत असेल, तर चार्ज करताना कव्हर काढावे. चार्जिंग चालू असताना गेम खेळणे, व्हिडिओ कॉल करणे म्हणजे एका बाजूने भट्टीत कोळसा घालणे आणि दुसऱ्या बाजूने भाता मारणे. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीकडे जातो. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. ॲपलसारख्या कंपन्या मोबाईल शून्य ते ३५ अंशांत वापरा असे सांगतात. म्हणजे उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला मोबाईल त्याच्या सहनशक्तीच्या पलीकडे गेलेला असतो.

‘रात्रभर चार्जिंगला लावला तर बॅटरी फुटते का?’ हा नेहमीचा प्रश्न. चांगल्या मोबाईलमध्ये बॅटरी भरली की विजेचा प्रवाह तोडणारे सर्किट असते, त्यामुळे तेवढ्याने ती फुटत नाही. मात्र पूर्ण भरलेली आणि शिवाय गरम, या अवस्थेत बॅटरी सर्वांत लवकर म्हातारी होते. २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवली तर ती अधिक वर्षे टिकते. आजकाल बहुतेक मोबाईलमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय सेटिंग्जमध्येच असते.

चार्जर घेताना त्यावरचे बारीक अक्षर वाचावे. आपल्या देशात मोबाईल, त्यांचे चार्जर आणि बॅटऱ्या यांची भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर मानकाचा क्रमांक आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. ‘बीआयएस केअर’ या सरकारी ॲपवर तो टाकला की नोंदणी खरी की खोटी ते कळते. एम. जी. रोडवर मोबाईलची इतकी दुकाने आहेत. तिथे उभ्या उभ्या ही तपासणी एका मिनिटात होते.

मोबाईलची पाठ उचलल्यासारखी दिसली किंवा काच कडेने सुटू लागली, तर बॅटरी फुगली आहे असे समजावे. तो मोबाईल चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये. आणि फुगलेली बॅटरी घंटागाडीत तर मुळीच टाकू नये. कचऱ्यात दबून ती पेटते. ती दुकानदाराकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडेच द्यावी.

पाणी आणि दुरुस्ती

पावसाळ्यात मोबाईल भिजला की तो तांदळाच्या डब्यात खुपसायची आपल्याकडे पद्धत आहे. ती सोडून द्यावी. तांदळाची पूड चार्जिंगच्या छिद्रात जाते आणि नवे दुखणे सुरू होते. ॲपलनेही आपल्या सूचनांत तांदूळ वापरू नका असे सांगितले आहे. योग्य उपाय साधा आहे : मोबाईल बंद करावा, छिद्र खाली करून हलकेच झटकावा, कोरड्या हवेशीर जागी ठेवावा, पूर्ण सुकेपर्यंत चार्जर लावू नये. ओल्या छिद्रात वीज गेली की आतल्या पट्ट्या गंजतात. खोक्यावरचे ‘आयपी ६८’ हे अक्षर स्थिर, गोड्या पाण्यातल्या चाचणीचे असते. साबणाचे पाणी, गरम पाणी किंवा तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या मोबाईलचे सैल झालेले रबर यांची ते हमी देत नाही.

मोबाईल दुरुस्तीला देताना आपण कारागिराच्या हाती स्क्रूड्रायव्हरबरोबर घराची किल्लीही देतो. आधी फोटो आणि संपर्क दुसरीकडे उतरवून घ्यावेत, सिमकार्ड काढून घ्यावे, आणि मोबाईलमध्ये दुरुस्तीसाठीचा वेगळा मोड असेल तर तो चालू करावा. जुना मोबाईल विकताना नुसते फोटो पुसून भागत नाही. आपली खाती काढून, सगळा मोबाईल मूळ स्थितीत आणूनच तो द्यावा.

सिमकार्ड : आपली दुसरी सही

स्क्रीनला कुलूप लावले की मोबाईल सुरक्षित झाला, असे पुष्कळांना वाटते. चोर मात्र कुलूप उघडण्याच्या खटाटोपात पडत नाही. तो सिमकार्ड काढतो आणि दुसऱ्या मोबाईलमध्ये घालतो. आता बँकेचा ओटीपी त्याच्याकडे जातो; बहुतेक खात्यांचा पासवर्ड ओटीपीवरच बदलता येतो. यावर उपाय आहे सिमचा पिन. सेटिंग्जमध्ये सिमला कुलूप लावले, की ते कार्ड कोणत्याही मोबाईलमध्ये घातले तरी आधी पिन विचारते. तीन वेळा चुकला की कार्ड अडकते, आणि मग कंपनीचा पीयूके क्रमांक लागतो. म्हणून पिन ठरवताना तो घरातल्या वहीत लिहून ठेवावा. त्याच बैठकीत बंद स्क्रीनवर संदेशाचा मजकूर दिसणार नाही, अशीही सोय करून घ्यावी.

दुसरी चोरी सिम न चोरता होते. खोट्या कागदपत्रांवर आपल्याच नंबरचे दुसरे सिम काढले जाते आणि आपला मोबाईल अचानक मुका होतो. हे ओळखून शासनाने अडथळे घातले आहेत : सिम बदलल्यावर २४ तास त्यावर एसएमएस चालत नाहीत, आणि १ जुलै २०२४ पासून, सिम बदलल्यानंतर सात दिवस तो नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. तेव्हा भोवतालच्या सगळ्यांना रेंज आहे आणि आपल्यालाच नाही, असे तासभर झाले, तर दुसऱ्याच्या मोबाईलवरून कंपनीला विचारावे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती नंबर आहेत तेही पाहता येते. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवता येतो.

पैशांची किल्ली

यूपीआयचा एकच नियम पाठ असला तरी निम्मे संकट टळते : पिन लागतो तो पैसे देण्यासाठी, घेण्यासाठी नाही. जुना सोफा विकायला काढला आणि समोरच्याने ‘पैसे पाठवतो, फक्त हा कोड स्कॅन करून पिन टाका’ म्हटले, की तो पैसे घेणारा आहे, देणारा नाही.

दुसरा सापळा ‘एपीके’ नावाच्या फाईलचा. कधी लग्नपत्रिका म्हणून, कधी वाहनाचे ई-चलान म्हणून, कधी शेतकऱ्याला अनुदानाची यादी म्हणून ती व्हॉट्सॲपवर येते. पत्रिका म्हणजे चित्र किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे आख्खा कार्यक्रम, जो मोबाईलमध्ये बस्तान मांडतो. तो आधी एसएमएस वाचायची परवानगी मागतो. ती दिली, की ओटीपी आपल्या आधी चोराला कळतो. म्हणून ॲप फक्त अधिकृत स्टोअरवरूनच घ्यावे. आणि कोणी ‘मदत करतो’ म्हणून आपला स्क्रीन त्याला दिसेल असे ॲप घ्यायला लावले, तर तिथेच थांबावे. अशा ॲपच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केले होते.

बँकेचा फोन खरा की खोटा हे ओळखायलाही आता काही खुणा आहेत. बँकांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० ने सुरू होणारी क्रमांकमालिका ठरवली आहे, आणि बँकांच्या संकेतस्थळांचा पत्ता ‘बँक डॉट इन’ने संपावा यासाठी रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. दहा आकडी साध्या मोबाईल नंबरवरून ‘केवायसी संपले’ म्हणणारा बँकेचा माणूस नव्हे.

पैसे गेलेच, तर कोणी भरून द्यायचे? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने याचे उत्तर दिले आहे. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा व्यवहाराची तक्रार तीन कामकाजाच्या दिवसांत केली, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत केली, तर ठरावीक मर्यादेपर्यंत. पण ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन सांगितला असेल, तर तक्रार करेपर्यंत झालेले नुकसान त्याचेच. म्हणजे आजच्या बहुसंख्य फसवणुकींत, जिथे माणूस भिऊन किंवा भुलून स्वतःच्या हाताने पैसे पाठवतो, तिथे हे छत्र डोक्यावर नसते. सावध राहणे महत्त्वाचे ते म्हणूनच.

‘डिजिटल अटक’ : भीतीचा व्यापार

गंगापूर रोड, महात्मानगर, कॉलेज रोड या पट्ट्यात निवृत्त मंडळींची घरे पुष्कळ. मुले पुण्याला, बंगळुरूला, नाही तर समुद्रापार. घरात दोघे, आणि मुलांशी जोडणारा धागा म्हणजे मोबाईल. ‘डिजिटल अटक’ करणारे नेमक्या अशाच घरांच्या शोधात असतात.

तिची रीत ठरलेली आहे. फोन येतो : तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, किंवा तुमच्या आधारवर उघडलेल्या खात्यातून काळा पैसा फिरला. मग व्हिडिओ कॉल. समोर गणवेशातला ‘अधिकारी’, मागे बोधचिन्ह, टेबलावर फायली. कोणाला सांगू नका, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, घरातल्यांना सांगितलेत तर तेही अडकतील. तासन् तास, कधी दिवसचे दिवस हे चालते. शेवटी ‘तपासणीसाठी’ सगळी पुंजी एका खात्यात भरायला सांगतात; निर्दोष ठरलात की परत मिळेल. २०२४ मध्ये वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांच्याकडून याच पद्धतीने, खोटे न्यायालय उभे करून, सात कोटी रुपये काढले गेले. तेव्हा ‘शिकलेली माणसे कशी फसतात’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ही फसवणूक बुद्धीवर चालत नाही. जन्मभर कर भरलेल्या, कधी पोलीस ठाण्याची पायरी न चढलेल्या माणसाला अब्रूची जी धास्ती असते, तिच्यावर ती चालते.

म्हणून चार गोष्टी स्पष्ट माहीत असाव्यात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत व्हिडिओ कॉलवरून अटक नावाचा प्रकार नाही. पोलीस, सीबीआय किंवा न्यायालय तपासणीसाठी पैसे भरून घेत नाहीत. कोणताही खरा अधिकारी ‘घरच्यांना सांगू नका’ म्हणत नाही. आणि फोन ठेवणे हा गुन्हा नाही. फोन ठेवावा, पाणी प्यावे, शेजाऱ्याचे दार वाजवावे. एकटेपणा तुटला की या जादूचा जोर संपतो.

पैसे गेले असतील, तर लाजेने वेळ घालवू नये. चोरलेली रक्कम मिनिटांत अनेक भाडोत्री खात्यांत तुकडे होऊन पळते. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच कळवले, तर पुढच्या खात्यात ती गोठवता येते. या यंत्रणेने जुलै २०२५ पर्यंत ५,४८९ कोटी रुपये वाचवल्याचे सरकारने संसदेत सांगितले. पहिला तास सर्वांत मोलाचा. दुसऱ्या दिवशी बँक उघडेपर्यंत थांबणे म्हणजे चोराला रात्रभराची मुदत देणे.

हरवला तर

प्रत्येक मोबाईलला १५ आकडी आयएमईआय क्रमांक असतो. *#०६# दाबले की तो दिसतो. आजच तो वहीत उतरवून ठेवावा. मोबाईल हरवल्यावर तो मोबाईलमध्येच राहिलेला असतो. चोरीचे मोबाईल या क्रमांकावरून बंद करणारी सीईआयआर ही यंत्रणा सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथम महाराष्ट्रात सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये देशभर गेली.

क्रम असा : प्रथम कंपनीला कळवून सिम बंद करावे, मग बँकेला कळवून यूपीआय आणि नेट बँकिंग थांबवावे. नंतर पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी, त्याच नंबरचे नवे सिम घ्यावे आणि संचार साथीवर आयएमईआय बंद करण्याची विनंती करावी. कोणी त्यात नवे सिम घातले की तो कोणत्या नेटवर्कवर आहे याचा माग पोलिसांना लागतो. जुना मोबाईल विकत घेतानाही हीच यंत्रणा उपयोगी आहे : ‘केवायएम’ ही इंग्रजी अक्षरे, मोकळी जागा आणि आयएमईआय असा एसएमएस १४४२२ वर पाठवला, की तो मोबाईल काळ्या यादीत आहे का ते कळते.

रस्ता, धबधबा आणि टॉवर

गाडी चालवताना मोबाईल हाती धरणे हे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात धोकादायक वाहन चालवण्यात धरले जाते. दंड १,००० ते ५,००० रुपये, शिवाय कैदेचीही तरतूद. गंगापूर धरणातून पाणी सोडले की सोमेश्वरच्या धबधब्यावर सेल्फीसाठी गर्दी लोटते. २०११ ते २०१७ या काळातल्या बातम्यांवरून केलेल्या एका अभ्यासात सेल्फीमुळे झालेले २५९ मृत्यू नोंदले गेले. त्यात सर्वांत जास्त भारतातले होते आणि सर्वांत मोठे कारण बुडणे हे होते. ओल्या खडकाकडे पाठ करून उभे राहणे फोटोपुरतेही नको.

किरणोत्सर्गाची भीती मात्र आवरती घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात घातले होते. २०२४ मध्ये, त्या संघटनेच्याच सांगण्यावरून झालेल्या विस्तृत आढाव्यात मोबाईल आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही. टॉवरच्या काळजीने झोप उडण्यापेक्षा उशीखालचा चार्जर काढणे अधिक हिताचे.

घरासाठी अर्ध्या तासाचे काम

दिवाळीत मुले घरी येतात. त्यातला अर्धा तास आई-वडिलांच्या मोबाईलसाठी काढावा. सिमचा पिन लावावा. मोबाईल ‘अपडेट’ करावा, कारण त्यातच सुरक्षेच्या फटी बुजवलेल्या असतात. न लागणारी ॲप काढावीत. यूपीआयसाठी वेगळे छोटे खाते जोडावे, म्हणजे ठेवी आणि निवृत्तिवेतन त्या किल्लीच्या टप्प्याबाहेर राहतील. बंद स्क्रीनवर रक्तगट आणि जवळच्या माणसाचा नंबर दिसेल असे करावे. पॉवरचे बटण लागोपाठ दाबले की ११२ ला फोन लागतो, ते एकदा दाखवावे. बहुतेक मोबाईलमध्ये तीन ते पाच वेळा दाबावे लागते.

आवाजाची नक्कल आता यंत्रे हुबेहूब करतात. ‘आई, माझा अपघात झाला, पैसे पाठव’ हा आवाज मुलाचाच वाटेल. म्हणून घरात एक खुणेचा शब्द ठरवावा, जो बाहेर कोणाला माहीत नाही. शेवटी एका कागदावर १९३०, ११२, बँकेचा नंबर आणि आयएमईआय मोठ्या अक्षरांत लिहून तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा. २०२७ च्या सिंहस्थात या शहरात अफाट गर्दी होईल. हरवलेले मोबाईल, निवासाच्या बनावट नोंदणीची संकेतस्थळे हे सारे तिच्याबरोबर येईल. त्याआधी प्रत्येक घरात हा कागद असावा.

घाटातल्या पाटीवर ‘अति घाई, संकटात नेई’ असे लिहिलेले आपण लहानपणापासून वाचतो. बॅटरीचा शत्रू उष्णता आणि माणसाचा शत्रू घाई. मोबाईल तापला तर बाजूला ठेवावा. मोबाईलवरचा माणूस घाई करू लागला तरी तो बाजूलाच ठेवावा.